मानशीचे दार आणि पाण्यावरची घरटी

गोव्यात पक्षी पाहायला माणसे निघतात ती ऑक्टोबर ते मार्च. उत्तरेकडची बदके करमळीच्या तळ्यावर उतरलेली असतात, चोडणच्या चिखलात तुतवार दिसतात. इथल्या पाणपक्ष्यांची वीण मात्र मुख्यतः पावसाळ्यात. तेव्हा दुर्बिणी घरी असतात, आणि पुरात काय गेले याची नोंद फारशी होत नाही. ही उणीव जुनी आहे.

मांडवी-जुवारीकाठची खाजने, म्हणजे भरतीचे पाणी बांधाने अडवून राखलेली सखल शेते, पोर्तुगीज आले (1510) त्याच्या कितीतरी आधीची. गावकऱ्यांनी चिखल-दगडाचे बांध घातले, बांधात मानशी (पाण्याच्या दाराच्या मोऱ्या) बसवल्या. मानशीचे लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीवर मुसळधार पाऊस आला की नदी फुगलेली राहते, दार उघडत नाही आणि पाणी आत तुंबते.

किती पाणी चढले, यापेक्षा किती वेगाने चढले हे महत्त्वाचे. टिबुकलीचे घरटे तरंगते, पण पाणवनस्पतींना अडकवलेले असते. पाणी बोटबोट चढले तर ती वर काड्या रचत जाते. रात्रीत हातभर चढले तर अंडी बुडतात. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचा नर चोच आणि छाती यांमध्ये अंडे धरून दुसरीकडे हलवतो. टिटवीला तीही सोय नाही. तिची चार अंडी उघड्या जमिनीवर, उबायला जवळपास चार आठवडे. मेअखेर घातलेली असली तर पहिल्याच मोठ्या पावसात सापडतात.

तरी एका पुराने वीण संपत नाही. 23 जुलै 2021 ला म्हादई आणि वाळवंटी पात्राबाहेर आल्या, तशा पुरानंतरही काही जोड्या पुन्हा अंडी घालू शकतात. खरे नुकसान बांध फुटल्यावर होते. खारे पाणी शिरले की गोड्या पाण्यातली कमळे, लव्हाळी मरतात, हळूहळू खारफुटी येते, आणि घरटे अडकवायला जागाच उरत नाही. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची देखभाल कोमुनिदादींकडून (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांकडून) कुळांच्या संघांकडे गेली. अनेक गावांत दुरुस्ती रखडली ती तेव्हापासून.

चोडणचे अभयारण्य 1988 चे, पण ते खारफुटीचे. गोड्या पाण्याच्या जागांपैकी कुडचड्याजवळचे नंदा तळे 2022 मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आले, अवघे 42 हेक्टर. वीण पाहायची तर जुलैत अशाच तळ्यांच्या बांधांवरून पाहावी. घरट्यापासून लांब, कडेच्या पाण्यात खुणा केलेली काठी रोवावी आणि रोज एकाच वेळी पातळी, पाऊस व भरतीची वेळ लिहावी. टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली की लगेच मागे फिरावे. पावसात उघडी पडलेली अंडी लवकर गार होतात.