टेरिटोरियल आर्मी आणि अमेरिकेचं नॅशनल गार्ड: रणगाड्याचा पार्टटाइम मेकॅनिक नेमका कुठे होता येतं?

ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडलेली पोरं विचारतात, "गॅरेजची नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी सैन्यात रणगाडे दुरुस्त करता येतात का?" त्यांनी मोबाइलवर वाचलेलं असतं ते खरंच असतं, पण अमेरिकेतलं. आपल्याकडे टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना, हे नाव कानावर असतं. मग दोन्ही एकच वाटतात.

नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या अर्धवेळ सैनिकांच्या दलात, भरतीच्या वेळीच ट्रेड ठरतो. एब्रॅम्स रणगाड्याचा मेकॅनिक वेगळा, ब्रॅडली या चिलखती गाडीचा वेगळा. आधी १० आठवड्यांचं बेसिक ट्रेनिंग, मग ट्रेडचं शिक्षण, दोन्ही पूर्णवेळ आणि पगारी. त्यानंतर कुठे महिन्यातून एक वीकेंड आणि वर्षातून दोन आठवडे. हुकूम आला तर कित्येक महिने घर सोडावं लागतं, हेही त्यातच आलं. तुर्भ्याला ट्रकची इंजिनं उतरवणाऱ्याला आपल्या टी-७२ रणगाड्याचं १२ सिलिंडरचं डिझेल इंजिन निदान ओळखीचं वाटेल. एब्रॅम्समध्ये १५०० अश्वशक्तीचं गॅस टर्बाइन असतं, ते नव्यानेच शिकावं लागतं. आणि अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर हे दार बंदच.

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा, उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ चं. पोटापाण्याचा दुसरा व्यवसाय असणाऱ्यांसाठीच ती आहे. बेरोजगारीवरचा उपाय म्हणून तिच्याकडे बघू नका. शहरी युनिटमध्ये वर्षाला साधारण ३० दिवसांचं प्रशिक्षण असतं, त्यामुळे ती नॅशनल गार्डसारखी दिसते. पण एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सुरुवातीला प्रादेशिक सेनेत चिलखती रेजिमेंट होती, ईएमईची, म्हणजे सैन्याची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेची, वर्कशॉपही होती. १९७२ पर्यंत पायदळ सोडून अशी युनिटं एकतर मोडीत निघाली किंवा नियमित सैन्यात गेली. आज तिथे बाहेरच्या तरुणाला वाट आहे ती मुख्यतः पायदळाची. रेल्वे, ओएनजीसी यांची युनिटं आहेत, पण ती त्या-त्या खात्यातल्या कर्मचाऱ्यांची. म्हणून पाना हातात घ्यायचा असेल तर प्रादेशिक सेनेच्या भरती रॅलीला जाऊन पोरांचा हिरमोड होतो, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

रणगाड्यांचं काम हवं असेल तर ते ईएमईकडे. एक वाट अग्निवीर टेक्निकलची: ४ वर्षं पूर्णवेळ, आयटीआय झालेल्यांना बोनस गुण. दुसरी वाट वर्दीशिवायची: आर्मी बेस वर्कशॉपांसाठी ईएमई गट क ची जी नागरी भरती काढते, तिच्यात 'व्हेईकल मेकॅनिक' हे पद चिलखती लढाऊ वाहनांसाठी वेगळं असतं. असं एक वर्कशॉप, ५१२ क्रमांकाचं, पुण्याजवळ खडकीला आहे. ठाण्याहून रोज जाऊन-येऊन करण्यासारखी ती नोकरी नाही, आणि पार्टटाइम तर नाहीच.