शेगडीत गेलेली गुंडाळी

इ. स. पू. ६०४ चा हिवाळा. यरुशलेमच्या राजवाड्यात थंडीसाठी राखलेल्या दालनात यहोयाकीम राजा पेटत्या शेगडीपुढे बसला आहे आणि यहूदी नावाचा दरबारी त्याला एक गुंडाळी वाचून दाखवतो आहे. तीन-चार रकाने झाले की राजा लेखनिकाचा चाकू घेतो, तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा वाचन, पुन्हा चाकू. असे करत अख्खी गुंडाळी संपते. शब्द यिर्मयाचे होते, अक्षर त्याच्या लेखनिकाचे, बारूखाचे.

यिर्मया अनाथोथचा. गाव यरुशलेमपासून तासाभराच्या वाटेवर, घराणे याजकांचे. योशीया राजाच्या तेराव्या वर्षापासून, म्हणजे इ. स. पू. ६२७ च्या सुमारापासून, तो बोलत होता. मराठी बायबलमधला ‘संदेष्टा’ हा शब्द इथे अगदी नेमका बसतो, कारण त्याचे काम निरोप्याचे, ज्योतिष्याचे नव्हे. निरोप मात्र कुणालाच नको असलेला होता: मंदिर आहे म्हणून शहर वाचेल या भ्रमात राहू नका, परके, अनाथ आणि विधवा यांना नाडणे थांबवा, नाहीतर हे सगळे जाईल. हे तो मंदिराच्या अंगणातच म्हणाला, तेव्हा त्याला मारायचेच ठरत आले होते. वडीलधाऱ्यांनी मीखा संदेष्ट्याचा शंभर वर्षांपूर्वीचा दाखला काढला, शाफानाचा मुलगा अहीकाम पाठीशी उभा राहिला आणि तो वाचला. उरीया नावाचा दुसरा संदेष्टा हेच बोलत होता. तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळाला, पण एल्नाथानाने त्याला धरून आणले आणि राजाने तलवारीने मारले.

यिर्मया एकटा, बाकी सगळे विरुद्ध, असे चित्र प्रवचनांतून रंगवले जाते. मला ते अर्धवट वाटते. शाफान हा योशीयाचा चिटणीस. मंदिराच्या दुरुस्तीत सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ त्यानेच राजाला वाचून दाखवला होता. तो ऐकून योशीयाने अंगावरचे कपडे फाडले. त्याच्या मुलाने, यहोयाकीमने, गुंडाळी फाडली. हिब्रूत दोन्हीकडे एकच क्रियापद आहे आणि लिहिणाऱ्याने ते मुद्दाम योजले असावे. बारूखाने लोकांपुढे ती गुंडाळी वाचली ती शाफानाच्या दुसऱ्या मुलाच्या, गमऱ्याच्या, खोलीतून. ‘जाळू नका’ असे राजाला विनवणाऱ्या तिघांत गमऱ्या होता. एल्नाथानही होता, उरीयाला धरून आणणारा तोच! माणसे अशी सरळ एका बाजूची नसतात.

बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, बखरीप्रमाणे त्याच सुमारास तिथल्या नबुखद्नेस्सर राजाने किनाऱ्यावरचे अश्कलोन उद्ध्वस्त केले. म्हणजे जळत असलेला मजकूर कल्पनेतला नव्हता, शत्रू दोन-तीन दिवसांच्या वाटेवर होता. यिर्मयाने लपून बसल्या जागी सगळे पुन्हा सांगितले, बारूखाने पुन्हा लिहिले आणि ‘तशाच पुष्कळ वचनांची’ भर पडली.

इ. स. पू. ५९७ मध्ये शहर पहिल्यांदा पडले, राजघराणे आणि कारागीर बाबेलला गेले. दोन वर्षांत सगळे परत येतील, असे हनन्याने मंदिरात जाहीर केले आणि बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू मोडून टाकले. यिर्मयाने बंदिवानांना उलट पत्र धाडले: घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, सत्तर वर्षे लागतील. ते पत्र नेणाऱ्या दोघांपैकी एकजण पुन्हा शाफानाचाच मुलगा, एलासा.

बाबेलच्या शेवटच्या वेढ्यात यिर्मयावर आरोप आला की तो शिपायांचे ‘हात ढिले पाडतो’. आपल्याकडे हातपाय गळतात, तसेच. लाखीश या यहूदाच्या तटबंदीच्या शहराच्या वेशीत १९३५ साली खापरांवर शाईने लिहिलेली लष्करी पत्रे सापडली, त्यांतल्या एकात यरुशलेममधल्या अधिकाऱ्यांबद्दल हाच शब्दप्रयोग येतो. दुसऱ्या पत्रात लिहिले आहे की अजेका, म्हणजे शेजारचे तटबंदीचे शहर, दिसत नाही.

या आरोपावरून त्याला आडात सोडले. आडात पाणी नव्हते, गाळ होता. काढले ते एबद-मलेख या कूशी, म्हणजे मिसरच्या दक्षिणेकडच्या, दरबाऱ्याने, आणि दोर टाकण्याआधी त्याने जुन्या चिंध्या खाली सोडल्या, ‘या बगलेत धर, दोर काचेल’ असे सांगून. इतका बारीक तपशील सहसा जवळ असलेल्या माणसाकडूनच येतो.

इ. स. पू. ५८७–८६ मध्ये शहर जळाले. यिर्मयाला अहीकामाच्या मुलाच्या, गदल्याच्या, हवाली केले. पुढे गदल्याचा खून झाला आणि उरलेल्यांनी यिर्मयाला, नको म्हणत असताना, मिसरात नेले.

बारूखाच्या नावाचे मातीचे शिक्केही बाजारात आले होते, पण जाणकारांनी ते बनावट ठरवले. गमऱ्याच्या शिक्क्याची गोष्ट वेगळी. १९८२ मध्ये यिगाल शिलो यांच्या उत्खननात, यरुशलेमच्या त्या आगीच्या थरात, एकाच घरात पन्नासेक शिक्के मिळाले. ज्या पपायरसांना ते लावले होते ते राख झाले होते. माती मात्र त्याच आगीत भाजून पक्की झाली. एकावर स्पष्ट वाचता येते: ‘शाफानाचा मुलगा गमऱ्या याचा’.