‘कट्ट’ वाजलं म्हणजे मणका जागेवर बसला का?

“पाठीला झटका देऊन कट्ट आवाज काढला की सरकलेला मणका जागेवर बसतो, साठीनंतर महिन्यातून एकदा हे करून घ्यावंच,” असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आवाज खरा असतो, नंतर थोडा वेळ मोकळं वाटतं तेही खरं. त्यामुळे विश्वास बसणं साहजिकच आहे. पण तो आवाज हाड बसल्याचा नसतो.

घरीच पाहा. बोट मोडा, कट्ट वाजेल. तेच बोट लगेच पुन्हा मोडा, बहुधा वाजणार नाही. साधारण २० मिनिटं जावी लागतात. बोटाचं हाड काही सरकलेलं नव्हतं. सांधा ताणला की आतल्या बुळबुळीत द्रवात वायूची पोकळी होते, तिच्याशी हा आवाज जोडलेला आहे. मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांतही तेच घडतं. मणका खरोखर पुढे सरकला असेल तर तो एक्स-रेत दिसतो, आणि झटक्याने मागे जात नाही.

मला काळजी वाटते ती ठिसूळ हाडांची. आजीची उंची कमी झालीय, पाठीला पोक आलंय, तर आधी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करा. त्यातला टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. अशा पाठीवर जोराचा दाब पडला तर मणका दबून मोडू शकतो. मानेला झटका देताना रक्तवाहिनीला इजा क्वचितच होते, पण झाली तर पक्षाघातापर्यंत जाते.

पायातलं बळ गेलं किंवा लघवी अडकली, तर मालिश-झटके सोडून थेट रुग्णालय गाठा.