इंडिकेटर जोरात लुकलुकतोय: बल्ब गेला की रिले?

डावा इंडिकेटर दिला आणि डॅशबोर्डवरचा हिरवा बाण एकदम दुप्पट वेगाने लुकलुकायला लागला, टिकटिकही घाईघाईने वाजायला लागली, की बहुतेकांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, 'रिले गेला वाटतं.' गॅरेजमध्येही पुष्कळदा हेच ऐकायला मिळतं आणि नवा रिले बसतो. गाडी घरी येते, डावा इंडिकेटर द्यावा तर टिकटिक तशीच घाईत. रिले आधीही चांगलाच होता. मागचा डावा बल्ब उडाला होता आणि रिले तेच सांगत होता.

बल्ब जाणं आणि रिले जाणं हे दोन बिघाड सर्रास एकमेकांच्या नावावर खपतात. लक्षणं मात्र जवळजवळ उलटी असतात, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी, सीटवर बसल्या बसल्याच बराचसा निकाल लागतो.

आधी रिले करतो काय ते बघू. फ्लॅशर रिले म्हणजे इंडिकेटरचा करंट ठरावीक तालात जोडणारा-तोडणारा स्विच. इंडिकेटरने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावं असा नियम आहे. साध्या बल्बच्या गाडीत एका बाजूला पुढे २१ वॅट, मागे २१ वॅट आणि फेंडरवर किंवा आरशात ५ वॅटचा छोटा बल्ब असतो. १२ व्होल्टवर हे तिन्ही मिळून साधारण ४ अँपिअर करंट घेतात. मागचा बल्ब उडाला की तोच आकडा २ अँपिअरच्या जरा वर येऊन थांबतो. इलेक्ट्रॉनिक रिले हा फरक ओळखतो आणि ताल मुद्दाम वाढवतो. ड्रायव्हरला मागचा दिवा दिसत नाही, म्हणून ही सोय केलेली आहे. फेंडरवरचा ५ वॅटचा बल्ब गेला तर करंटमध्ये इतका थोडा फरक पडतो की रिलेला बहुधा कळतच नाही. तो उतरून डोळ्यांनीच बघावा लागतो.

फियाटच्या जमान्यातल्या जुन्या रिलेत तापून वाकणारी धातूची पट्टी असायची. करंट कमी पडला की पट्टी पुरेशी तापत नसे, आणि उरलेला बल्ब नुसता पेटून राहायचा किंवा आळसावल्यासारखा लुकलुकायचा. त्यामुळे घरातले आजोबा वेगळंच निदान सांगतील, आणि त्यांच्या गाडीपुरतं ते बरोबरच होतं.

आता मुख्य गोष्ट. जिथे वेगळा रिले असतो, तिथे तो डाव्या आणि उजव्या बाजूला मिळून एकच असतो. उजवा इंडिकेटर नीट तालात चालतोय आणि डावाच घाई करतोय, तर तोच रिले उजवीकडे काम करतोय हे तुमच्यासमोर आहे. मग दोष डाव्या बाजूच्या बल्बमध्ये, होल्डरमध्ये नाहीतर वायरिंगमध्ये शोधायचा. याउलट दोन्ही बाजू एकदम बंद पडल्या, किंवा दोन्हीकडचे दिवे न लुकलुकता नुसते पेटून राहिले, टिकटिक येतच नाही, तर संशय रिलेवर जातो. दोन बाजूंचे बल्ब एकाच दिवशी जाणं हा योगायोग क्वचितच घडतो. एकच बाजू बिघडली तर बल्बकडून सुरुवात करा, दोन्ही बिघडल्या तर रिले आणि फ्यूजकडून. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे अनाठायी खर्च टळतील.

बल्ब तपासणं अगदी सोपं आहे, तरी लोक ते टाळतात याचं मला खरोखर वाईट वाटतं. डिकी उघडा. काही गाड्यांत आतून हात घालूनच होल्डर निघतो, काहींत मागच्या दिव्याचे दोन स्क्रू सोडवून अख्खा दिवा बाहेर ओढावा लागतो. होल्डर थोडा डावीकडे फिरवला की सुटतो. बल्ब आत दाबून फिरवा, हातात येईल. उजेडासमोर धरा. आतली बारीक तार तुटून लोंबत असेल, काच आतून काळपट किंवा चंदेरी झाली असेल, तर निकाल लागला. तार शाबूत दिसली तरी लगेच विश्वास ठेवू नका. तुटलेलं टोक कधी कधी जागेवरच टेकलेलं असतं आणि नुसतं बघून कळत नाही. गाडीच्या उजव्या बाजूच्या तशाच दिव्यातला बल्ब काढून डावीकडे लावा. टिकटिक नीट झाली तर बल्बच गेला होता. नाही झाली तर बल्ब निर्दोष, पुढे चला.

नवा घेताना जुना बल्ब खिशात घालून दुकानात जा. काच केशरी असलेल्या बल्बच्या दोन पिना बरोबर समोरासमोर नसतात, जराशा सरकवलेल्या असतात, ते पांढरा बल्ब चुकून बसू नये म्हणून. काही जण पिन घासून पांढराच बल्ब दामटून बसवतात. काच पारदर्शक असेल तर मग इंडिकेटर पांढरा लुकलुकतो, आणि पावसात मागून येणाऱ्याला तो काय आहे हे पटकन समजत नाही. इंडिकेटर केशरीच हवा. जुन्या बल्बवरचा केशरी थर पापुद्र्यांसारखा उडाला असेल, तर बल्ब पेटत असला तरी बदला.

मुंबईत बल्बपेक्षाही जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे अर्थिंग, म्हणजे बल्बमधून गेलेला करंट गाडीच्या बॉडीतून परत जायची वाट. चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने समुद्राची दमट खारी हवा, आणि हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या साचलेल्या पाण्यातून एकदा गाडी काढली की मागच्या दिव्यात ओल जाऊन बसते. होल्डरच्या पितळी पत्रीवर हिरवा थर चढतो. बल्ब चांगला, रिले चांगला, पण करंटला परत जायला वाट अपुरी. करंट कमी झाला, की रिलेला वाटतं बल्ब गेला, आणि तो पुन्हा घाईघाईने टिकटिकायला लागतो.

मुलुंडला आमच्या सोसायटीत एका काकूंच्या गाडीला हेच झालं होतं. एका गॅरेजने रिले बदलला होता, बल्बही नवा होता. पार्किंगमध्ये गाडीची पाठ भिंतीकडे होती. मी म्हटलं, 'काकू, ब्रेक दाबून धरा आणि डावा इंडिकेटर द्या.' डावा इंडिकेटर मिणमिणता झाला, आणि त्याच बाजूचा ब्रेकचा लाल दिवा इंडिकेटरच्या तालात मंद-प्रखर व्हायला लागला. भिंतीवरचा लाल उजेड हलताना काकूंना आरशातच दिसला. 'अरे, ब्रेकचा दिवा का लुकलुकतोय?' मागच्या दिव्यातल्या सगळ्या बल्बची अर्थिंगची वायर सहसा एकच असते. ती खराब झाली की एका बल्बचा करंट दुसऱ्याला छळतो, आणि ब्रेक दाबल्यावर ओझं वाढून ते उघड होतं. होल्डरची पत्री बारीक पॉलिश पेपरने चकचकीत केली, बॉडीला जिथे वायर बोल्टने जोडली होती तिथला गंज घासला, बोल्ट घट्ट केला. इंडिकेटर पहिल्यासारखा चालू झाला.

खात्री करून घ्यायची असेल तर वायरचा एक तुकडा घ्या. एक टोक होल्डरच्या अर्थिंगला, दुसरं गाडीच्या रंग नसलेल्या उघड्या धातूला टेकवा. दिवा लगेच प्रखर झाला तर दोष अर्थिंगचाच. टोक कुठे लावताय ते मात्र नीट बघून लावा; करंट येणाऱ्या वायरला लागलं तर फ्यूज उडेल.

रिले खरोखर जातो तेव्हा दृश्य वेगळं असतं. दोन्ही बाजू गप्प. किंवा गाडी थंड असताना ठीक आणि तासाभराने बंद. किंवा डॅशबोर्डखाली रिलेवर बोटाने टिचकी मारली की चालू, खड्ड्यात चाक आपटलं की पुन्हा बंद. सगळे बल्ब पेटत असूनही दोन्हीकडे ताल वेडावाकडा, कधी जलद, कधी अडखळत. अशा वेळी नवा रिले घ्यायला हरकत नाही, पण त्याआधी हॅझर्डचं लाल बटण दाबून गाडीभोवती एक फेरी मारा. बऱ्याच गाड्यांत हॅझर्ड आणि इंडिकेटर एकाच रिलेवर चालतात. हॅझर्डला सगळे दिवे नीट लुकलुकले तर रिलेही शाबूत आणि बल्बही. तरीही इंडिकेटर चालत नसेल तर त्याचा फ्यूज किंवा स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे इंडिकेटर द्यायची दांडी, तपासा. हॅझर्डही मेलेलं असेल तर आधी फ्यूज, मग रिले.

हॅझर्डचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, जोराच्या पावसात ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर हॅझर्ड लावून गाडी चालवणं बंद करा. चारही दिवे लुकलुकत असताना तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला कळायचा मार्गच उरत नाही. पावसात हेडलाइट लो बीमवर लावा, तेवढं पुरतं.

एका बाबतीत दोन्ही बाजू जोरात लुकलुकतात आणि तरी रिले गेलेला नसतो, ते म्हणजे एलईडी बल्ब बसवल्यावर. एलईडी इतका कमी करंट घेतो की रिलेला सगळेच बल्ब गेल्यासारखे वाटतात. यावर ६ ओहमचा रेझिस्टर जोडून देतात. तो पेटलेला असताना २४ वॅटहून जास्त उष्णता काढतो, हात लावला तर चटका बसेल. दिव्याच्या प्लॅस्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला तो बांधू देऊ नका, धातूच्या पत्र्यावरच बसवून घ्या. एलईडीसाठीचा वेगळा फ्लॅशर मिळतो, गाडीत बसत असेल तर तो घेणं जास्त शहाणपणाचं.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत सुटा फ्लॅशर रिले नसतोच. इंडिकेटरचा ताल बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, ठरवतं आणि टिकटिक स्पीकरमधून येते. इथे डाव्या-उजव्या बाजूचे आउटपुट वेगळे असतात, त्यामुळे एकच बाजू मॉड्यूलमुळे बंद पडणं शक्य आहे, पण बल्ब, होल्डर आणि अर्थिंग बघून झाल्याशिवाय कोणालाही मॉड्यूलपर्यंत जाऊ देऊ नका. ते महाग असतं, आणि पुष्कळ गाड्यांत नवं बसवल्यावर कंपनीच्या स्कॅनरने त्यात गाडीची माहिती भरावी लागते. इलेक्ट्रिशियनकडे गेलात तर 'रिले बघा' असं सांगू नका. 'डावाच जोरात लुकलुकतोय, हॅझर्डला सगळे दिवे लागतात, ब्रेक दाबल्यावर डावा मंद होतो,' असं जे दिसलं तेच सांगा आणि जुना बल्ब तुमच्यासमोर काढायला लावा.