छातीत वाजणारं गाणं

होळीच्या आधी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या भोंगऱ्या बाजारात, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजारात, एका मोठ्या ढोलापासून हातभर अंतरावर उभा होतो. थाप पडली की शर्टाचं वरचं बटण थरथरायचं आणि बरगड्यांत काहीतरी हलायचं. आमच्याकडे लग्नात बँडवाल्याला सांगतात, "छातीमा वाजाले पायजे!" ही मागणी शरीरशास्त्राला धरून आहे.

आपले कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) आवाज ऐकतात. पण कंपनं त्वचेलाही कळतात. त्वचेच्या खोल थरात कांद्यासारखे पापुद्रे असलेल्या बारीक गाठी असतात आणि प्रत्येकीच्या मधोमध चेतातंतूचं टोक. इटालियन शास्त्रज्ञ फिलिपो पाचिनी यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. 200 ते 300 हर्ट्झच्या आसपासची कंपनं त्या सगळ्यांत चांगली टिपतात.

त्याहून खालच्या, जवळजवळ ऐकूच न येणाऱ्या आवाजाचा एक सुरेख प्रयोग कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात झाला. 2022 साली तो प्रसिद्ध झाला. मैफल चालू असताना 8 ते 37 हर्ट्झचे खास स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. श्रोत्यांच्या डोक्याला हालचाल मोजणारे पट्टे होते. स्पीकर कधी चालू, कधी बंद हे कोणालाच ओळखता येत नव्हतं, तरी ते चालू असताना लोक सरासरी 11.8 टक्के जास्त नाचले! त्वचेने आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाने हे काम केलं असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे.

अंगावर घालायची संगीत-यंत्रं याच वाटेने जातात. मंचावरच्या माइकमधला आवाज संगणक वेगवेगळा करतो आणि बिनतारी संदेशाने कपड्यात शिवलेल्या चिमुकल्या मोटारींना पाठवतो. लंडनच्या क्यूटसर्किट कंपनीचा 'साउंडशर्ट' व्हायोलिन हातांवर वाजवतो, तर ढोल पाठीवर. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तर पाठीच्या कण्यावर गार शहारा उमटवणारं यंत्र केलं आहे. अंगावर आधी काटा आणायचा, मग मन भारावतं का ते पाहायचं. भावना शरीरातल्या बदलांतून जन्मते, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1884 सालीच मांडलं होतं.

मोठ्या कार्यक्रमांत मनगटावर चमकणारे पट्टेही देतात. 2025 च्या जानेवारीत कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांत अनेकांनी ते पाहिले. दिसायला छान, पण मला ओढ अंगात शिरणाऱ्या ठेक्याची. ती सातपुड्याला नवी नाही. काठी गावच्या राजवाडी होळीत नाचणारे कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे बांधतात. पाऊल पडलं की ठेका आधी त्यांच्याच कमरेला लागतो.

त्वचेला मर्यादा आहेत. जवळजवळच्या दोन सुरांतला फरक तिला नीट कळत नाही, त्यामुळे पाठीवर राग उमटणार नाही. लय आणि जोर मात्र पक्का उमटतो. म्हणून मला ही यंत्रं दोन ठिकाणी फार मोलाची वाटतात. एक, डीजेसमोर. छातीत वाजावं म्हणून आपण आवाज वाढवत नेतो आणि कान गमावतो. ठेका थेट अंगाला मिळाला तर आवाज खाली आणता येईल. दुसरं, ज्यांना ऐकूच येत नाही त्यांच्यासाठी.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा जन्मापासून बहिरा आहे. जळगावला एका हळदीत मी त्याच्या हातात फुगवलेला फुगा दिला. फुग्याचं पातळ रबर हवेतली कंपनं झेलतं आणि तळहातांना देतं. आधी तो नुसता हसला. मग संबळ सुरू झालं. त्याने फुगा छातीशी धरला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने त्याच्या उजव्या पायाचा अंगठा ठेक्यावर पडू लागला, अगदी बरोबर.

जुन्या मोबाइलमध्ये गुरगुरणारी मोटार असते, शेंगदाण्याएवढी. दुरुस्तीच्या दुकानातून तशा आठ गोळा केल्या आहेत. आईने त्याच्या मापाची खादीची बंडी बेतली आहे. चार मोटारी पाठीला, दोन खांद्यांना, दोन बरगड्यांना. येत्या तुळशीच्या लग्नानंतर घरात पहिलं लग्न आहे, तोवर शिवून व्हायला हवी.