नाझ्का : रेषांच्या आधी पाणी पाहावे

पेरूच्या दक्षिण भागातील नाझ्काच्या वाळवंटात येणारे बहुसंख्य पर्यटक छोट्या विमानात बसतात, माकड, कोळी, हमिंगबर्ड अशी जमिनीवरची अवाढव्य चित्रे वरून पाहतात आणि परत फिरतात. हा क्रम उलटा करावा, असे मला वाटते. आधी पाणी पाहावे, मग मंदिरे आणि शेवटी रेषा; मग रेषांभोवतीचे बरेचसे गूढ आपोआप विरते.

प्रशांत महासागरातील थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे या किनाऱ्यावर पावसाचे ढग तयार होत नाहीत, आणि पूर्वेकडील बाष्प अँडीजची रांग अडवून धरते. डोंगरात पडलेले पाणी घेऊन नद्या खाली येतात खऱ्या, पण खोऱ्याच्या मध्यावर त्या वाळू-गोट्यांत मुरून दिसेनाशा होतात. अशा ठिकाणी इसवी सनापूर्वी सुमारे 100 ते इसवी सन 700 या काळात नाझ्का संस्कृती नांदली.

नाझ्का गावाजवळच्या कांतायोक येथे त्या मुरलेल्या पाण्याचा माग काढणारे 'पुकिओ' पाहता येतात. भूजलापर्यंत खोदलेल्या, उतारावर वाहणाऱ्या चरांतून आणि भुयारांतून पाणी शेतापर्यंत आणण्याची ही व्यवस्था असून तिच्या वाटेवर दगडांनी बांधलेली, शंखासारखी वळत खाली उतरणारी विवरे आहेत. गाळ काढण्यासाठी माणसाला त्यांतून आत उतरता येते. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल. पुकिओंच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. ते स्पॅनिश राजवटीतले असावेत असे काहींचे म्हणणे असले, तरी नाझ्का काळातीलच असल्याचे मत अधिक प्रबळ आहे. त्यांतील कित्येक आजही शेतीला पाणी देतात.

आता मंदिरे. नाझ्का खोऱ्यातील कावाची येथे कच्च्या विटांनी बांधलेले चाळीसएक ढिगारे आहेत. हे मोठे शहर असावे, असा पूर्वी समज होता. पण पुरातत्त्वज्ञ हेलेन सिल्व्हरमन यांच्या 1980च्या दशकातील उत्खननात कायम वस्तीच्या खुणा फारच थोड्या सापडल्या, आणि हे यात्रेचे ठिकाण होते, हा विचार पुढे आला. जमिनीखाली लुप्त झालेली नदी याच परिसरात पुन्हा वर येते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता रेषा. पठारावरच्या दगडांवर लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडचा काळपट थर असतो. ते बाजूला सारले की खालची फिकट माती उघडी पडते, आणि पाऊस जवळजवळ नसल्याने ती तशीच राहते. जर्मन गणितज्ञ मारिया रायखे यांनी या रेषांच्या मोजणीत आयुष्य घालवले आणि त्यांत खगोलीय दिनदर्शिका पाहिली, पण खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्स यांनी 1968मध्ये केलेल्या तपासणीत दिशांचा मेळ योगायोगापेक्षा अधिक आढळला नाही. परग्रहवासीयांची कल्पना तर चर्चेच्याही लायकीची नाही. प्राण्यांची चित्रे प्रसिद्ध असली तरी सरळ रेषा आणि समलंब चौकोन त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत, आणि त्या वरून पाहण्यापेक्षा चालण्यासाठी असाव्यात, असे मानायला आधार आहे. माकडाची आकृती एकाच अखंड रेषेने काढलेली आहे, म्हणजे तिच्यावरून सलग चालत जाता येते. काही रेषांवर फुटलेली मडकी आणि इक्वाडोरच्या उबदार समुद्रातून आलेले स्पॉन्डिलस शिंपले सापडले. अँडीज प्रदेशात हे शिंपले पावसाच्या मागणीशी जोडले जातात. जपानच्या यामागाता विद्यापीठाच्या चमूने 2024मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने 303 नव्या आकृत्या नोंदवल्या. त्यांतल्या लहान आकृत्या प्रामुख्याने पायवाटांच्या कडेला आहेत, म्हणजे ये-जा करणाऱ्याला त्या जमिनीवरूनच दिसत असत.

महामार्गालगतच्या मनोऱ्यावरून 'हात' आणि 'झाड' या दोन आकृत्या दिसतात. झाडाची आकृती वारांगोची असावी, असे मानले जाते. खोल मुळांनी भूजल गाठणारा आणि नदीकाठची माती धरून ठेवणारा हा वृक्ष शेजारच्या इका खोऱ्यात शेतीसाठी तोडला गेल्याचे परागकणांच्या अभ्यासातून दिसले आहे. त्यानंतर एल निनोच्या पुराने तिथली उघडी पडलेली जमीन कापून नेली.