दोन कॉम्प्युटर पाहिजेत

२ मे १८९२ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक चिमुकली बातमी आहे. मथळा: 'कॉम्प्युटर पाहिजे'. वॉशिंग्टनच्या नाविक पंचांग कार्यालयात दोन जागा रिकाम्या होत्या, एकीचा पगार १,००० डॉलर, दुसरीचा १,४००. इच्छुकांसाठी १८ मे रोजी परीक्षा, विषय बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती आणि खगोलशास्त्र.

परीक्षा अर्थातच माणसांची होती. कॉम्प्युटर हा तेव्हा हुद्दा होता, जसा कारकून किंवा मोजणीदार. ड्रायव्हर, टेलर, पेंटर या शब्दांच्या शेवटी जो 'अर' आहे तोच इथेही आहे: काम करणारा माणूस. इंग्रजीत हा शब्द १६१३ सालच्या एका पुस्तकात सापडतो आणि तिथेही तो कालगणना करणाऱ्या माणसासाठीच आला आहे.

मूळ लॅटिन. 'कॉम' म्हणजे एकत्र आणि 'पुतारे' म्हणजे छाटणं, साफ करणं. द्राक्षवेलीची छाटणी करायलाही रोमन लोक हेच क्रियापद वापरत. पुढे नको ते काढून खातं स्वच्छ करणं, म्हणजेच हिशेब करणं, असा अर्थ त्याला चिकटला. डॉक्टर हात-पाय कापण्याला 'अँप्युटेशन' म्हणतात, तो याच घरातला शब्द.

आपला 'संगणक' याच साच्यातला आहे: 'कॉम'च्या जागी 'सम्', 'पुतारे'च्या जागी 'गण्'. गंमत अशी की 'गणक' हाही मुळात माणूसच. संस्कृतात ज्योतिषी आणि हिशेबनीस यांना तो शब्द होता. भास्कराचार्य ब्रह्मगुप्ताला 'गणकचक्रचूडामणि' म्हणतात, म्हणजे गणकांच्या मेळ्यातला शिरोमणी. फ्रेंचांनी मात्र १९५५ साली वेगळी वाट धरली. तिथे आयबीएम या गणनयंत्रं बनवणाऱ्या कंपनीने ज्याक पेरे या लॅटिनच्या प्राध्यापकांना नाव सुचवायला सांगितलं. त्यांनी 'ऑर्दिनातर' दिलं: व्यवस्था लावणारा. हे विशेषण पूर्वी देवासाठी वापरलं जाई. नाव भारदस्त आहे, पण त्यात घाम गाळणारा हिशेबनीस दिसत नाही.

आणि घाम भरपूर होता. इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मास्केलाइन यांनी १७६७ सालापासूनचं नाविक पंचांग काढलं. समुद्रात जहाज कुठे आहे हे चंद्रावरून ओळखायचं, तर चंद्राच्या जागा आधीच छापलेल्या हव्यात. ही गणितं गावोगावी घरी बसलेले कॉम्प्युटर करत आणि कागद टपालाने येत-जात. चुका पकडायला एकाच महिन्याचं काम दोघांना वेगवेगळं दिलं जाई आणि तिसरा ते ताडून पाही. तरी दोघा जणांनी एकमेकांची नक्कल मारलीच. ती पकडली गेली आणि काम गेलं. लडलो गावातल्या जॉन एडवर्ड्स यांच्या नावावर बरंच काम येई. १७८४ मध्ये ते वारले, तेव्हा कळलं की त्यातलं बहुतेक त्यांची पत्नी मेरी करत होत्या. मग काम त्यांच्याच नावे सुरू राहिलं.

आपल्याकडचं नाव राधानाथ सिकदार. १८३१ मध्ये कोवळ्या वयात ते भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात कॉम्प्युटर म्हणून लागले आणि पुढे कलकत्त्यात प्रमुख कॉम्प्युटर झाले. तराईतून दीडशे किलोमीटरहून लांबच्या 'शिखर १५'चे कोन मोजले गेले होते. हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्याची दुरुस्ती करत करत कागदावर उंची उतरली: २९,००२ फूट. १८५६ मध्ये ती जाहीर झाली. या गणिताचं श्रेय सहसा राधानाथांना दिलं जातं. शिखराला नाव मात्र त्यांचे जुने साहेब जॉर्ज एव्हरेस्ट यांचं मिळालं.

शब्द माणसाच्या हातून निसटला तो क्षण जवळजवळ पकडता येतो. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या प्रसिद्ध निबंधात 'कॉम्प्युटर' चौकटीच्या कागदावर आकडे लिहितो, त्याची एक 'मनःस्थिती' असते आणि त्याच्यासाठी सर्वनाम आहे 'तो'. म्हणजे माणूस. १९५० च्या निबंधात हेच ट्युरिंग 'मानवी कॉम्प्युटर' असं लिहितात. चौदा वर्षांत माणसाला विशेषण लावायची वेळ आली! ब्रॉयलर येण्यापूर्वी अंडं हे नुसतं अंडं होतं, नंतर ते 'गावरान' झालं, तसंच हे.

मधल्या काळात युद्ध झालं. तोफेच्या एका गोळ्याचा मार्ग काढायला फिलाडेल्फियातल्या तरुणींना मेजावरच्या गणनयंत्रासह तीसेक तास लागत. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक या इलेक्ट्रॉनिक यंत्राने तेच काम अर्ध्या मिनिटात केलं. त्या यंत्राला कामाला लावणाऱ्या पहिल्या सहा जणी याच कॉम्प्युटर मुलींमधून निवडलेल्या होत्या. यंत्राने त्यांची खुर्ची घेतली आणि नावही.

खुर्ची लगेच रिकामी झाली नाही, इतकंच. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघणार होते. मार्गाचं गणित आयबीएमच्या यंत्राने केलं होतं, पण ग्लेन यांचा त्यावर पुरता भरवसा नव्हता. 'त्या मुलीला आकडे तपासू द्या,' असं त्यांनी सांगितलं. 'मुलगी' म्हणजे त्रेचाळीस वर्षांच्या कॅथरिन जॉन्सन, 'नासा'च्या लँग्ली केंद्रातल्या जुन्या कॉम्प्युटर. त्यांनी दीड दिवस बसून सगळं पुन्हा हाताने केलं. आकडे जुळले, मग ग्लेन निघाले.